डी हा काय गिअर आहे होय?

तर झालं असं, की दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी मामाला घेऊन भोरच्या पुढे गेलो होतो. गाडी घेऊन चार महिने झाले होते. फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, लो रेंजवाली. चार महिन्यांत तिने पाहिलेला सगळ्यात खडतर रस्ता म्हणजे पावसाळ्यातली हिंजवडी (आता तोही ऑफ-रोडच म्हणा). म्हटलं, एकदा तरी हिला खरी माती लागू दे. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालाय. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर, त्यातली बरीचशी महाड आगारात. वरंधा घाट त्याला झोपेतसुद्धा वळणावळणाने सांगता येतो.

नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक डोंगर आहे. वर सपाटीवर शेतं आहेत आणि तिथपर्यंत ट्रॅक्टर जाऊन जाऊन पडलेला एक कच्चा रस्ता. चढताना काही म्हणजे काही झालं नाही. फोर-हाय लावलं, गिअर डीमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवर, आणि गाडी शहाण्या बैलासारखी वर. मी मामाकडे बघून "बघितलंस?" अशा अर्थाच्या भुवया उडवल्या. वर मामीने दिलेली थालीपीठं खाल्ली, फोटो काढले आणि परत निघालो.

उतरताना मधे साठ-सत्तर मीटरचा एक तुकडा आहे. पावसाने धुऊन काढलेला, खाली कातळ आणि त्यावर मुरमाचा घसारा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला म्हणजे माझ्या बाजूला दरी. मी अजिबात घाबरलो नाही, कारण माझ्याकडे बटण होतं. हिल डिसेंट कंट्रोल. एचडीसी. दाबलं की डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो, ब्रेकवरून पाय काढायचा आणि गाडी आपली आपण हळूहळू खाली उतरते. पहिले वीस मीटर तसंच झालं. खालून ग्रर्र ग्रर्र आवाज, गाडी मुंगीच्या पावलांनी खाली, मी खूश.

मग कातळाची एक पायरी आली. गाडी तिथे अडल्यासारखी झाली म्हणून मी थोडी रेस दिली. पुढची चाकं पायरीवरून धपकन खाली पडली, गाडीने वेग घेतला आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. त्या लुकलुकण्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. मी कुठलाही माणूस करेल तेच केलं. ब्रेक दाबला. जीव खाऊन दाबला. पायाखाली एबीएसची टकटक झाली, गाडी थांबायच्या ऐवजी घसाऱ्यावरून वाहायला लागली आणि मागचा भाग हळूच उजवीकडे सरकला. दरीकडे.

"पाय काढ!" मामा ओरडला.

ऑटोमॅटिकमध्ये कामाचा पाय एकच असतो आणि तो ब्रेकवर होता. गाडी दरीकडे चालली असताना ब्रेकवरून पाय काढायचा? "काढ म्हणतो ना!" काढला. चाकं फिरायला लागली आणि त्याच क्षणी स्टिअरिंगला जीव आला. डावीकडे वळवलं, गाडीचं नाक डोंगराच्या मातीत घुसलं आणि आम्ही थांबलो. बंपरचा एक कोपरा गेला. उजव्या मागच्या चाकापासून कड्यापर्यंतचं अंतर मी नंतर मोजलं. माझ्या पावलाने दीड पाऊल भरलं.

मामा खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, पाणी प्यायला आणि मग शांतपणे विचारलं, "चढताना कुठल्या गिअरात होतास?"

"डीमध्ये."

"डी हा काय गिअर आहे होय?"

तीन आठवडे झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहितोय.

घाटात गाडी चालवणाऱ्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम असतो: ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. नियम साधा आहे आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने जवळपास बिनचूक आहे. पण तो पाळायला आपण कुठल्या गिअरमध्ये चढलो हे माहीत असावं लागतं. ऑटोमॅटिकवाल्याला ते माहीत नसतं. तेच तर आपण जास्तीचे पैसे मोजून विकत घेतलेलं असतं, माहीत नसण्याचं सुख.

डी हा गिअर नाहीच. आपल्या भाषेत सांगायचं तर ती एक पॉलिसी आहे. गिअर कुठला ते कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याचे मुख्य इनपुट दोन, वेग किती आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय. उतारावर आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि वेग मात्र वाढत जातो. त्याला वाटतं, साहेब मजेत चाललेत, टाका वरचा गिअर. म्हणजे इंजिनाने गाडी धरून ठेवायला हवी नेमकं तेव्हाच ते हात सैल सोडतं. काही नव्या गाड्यांना उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवण्याइतकी अक्कल असते, पण ती मुख्यतः डांबरी घाटासाठी. ट्रॅक्टरच्या वाटेवरच्या घसाऱ्याचा विचार त्यात नसतो.

दुसरी गंमत टॉर्क कन्व्हर्टरची. मॅन्युअल गाडीत क्लच सोडला की इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये मधे तेल असतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक तेल ढकलतो आणि त्या तेलाने दुसरा फिरतो. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनीअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, वाफेच्या टर्बाइनची ताकद पंख्यापर्यंत पोचवायला. गाडी वेगात असली की आत एक क्लच लागून दोन्ही बाजू घट्ट जोडल्या जातात, पण सरपटण्याच्या वेगाला तो बहुधा सुटलेला असतो. त्यामुळे इंजिनाची पकड मुळातच थोडी निसरडी. म्हणूनच लो रेंजची गरज मॅन्युअलवाल्यापेक्षा ऑटोमॅटिकवाल्याला जास्त. आणि वापरतो कोण? मॅन्युअलवाला. कारण त्याच्याकडे बटणाचा भरवसा कमी असतो.

आता या बटणाचा इतिहास बघा. हिल डिसेंट कंट्रोल पहिल्यांदा आलं ते १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये. का आलं? कारण त्या गाडीला लो रेंजच नव्हती. मग उतारावर करायचं काय? तर एबीएसचा पंप तिथे होताच, त्यालाच कामाला लावला. ड्रायव्हरने ब्रेक न दाबताच तो एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावायचा आणि सोडायचा. तो ग्रर्र आवाज त्याचाच. आणि फ्रीलँडरमध्येसुद्धा ही सोय चालायची ती फक्त पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांनीसुद्धा आधी खालचा गिअर मागितला होता. आणि मी? माझ्या डाव्या हाताशी सव्वादोन-अडीचपट ताकद देणारी लो रेंज होती. ती तशीच ठेवून तिच्या गैरहजेरीत कामाला येणारं बटण दाबलं. याला म्हणतात घरात आई असताना डबा लावणं.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मी घरी येऊन गाडीच्या पुस्तकात वाचला. वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेला की एचडीसी बाजूला होऊन वाट बघतं. ॲक्सिलरेटर दाबलात तरी ते तुमचा मान राखून मागे हटतं. पायरीवर मी दोन्ही गोष्टी एकदम केल्या होत्या. गाडीने काहीही चूक केली नाही. तिने नीट सांगितलं, "साहेब, आता तुम्ही बघा." साहेबाला मात्र ती भाषा येत नव्हती.

जोएल स्पोल्स्कीने २००२ मध्ये गळक्या ॲब्स्ट्रॅक्शनवर एक लेख लिहिला होता. आपल्या धंद्यातल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी वाचलेला असतो. मुद्दा असा, की गुंतागुंत झाकणारं कुठलंही आवरण कुठेतरी गळतंच आणि गळतं तेव्हा आवरणाखाली काय आहे हे माहीत असलेलाच वाचतो. ओआरएम वापरा, पण क्वेरी तुंबली की एसक्यूएल यावंच लागतं. फरक इतकाच, की आपल्याकडे गळलं तर रात्री दोनला फोन येतो. तिथे दीड पाऊल उरतं.

खाली नक्की काय आहे ते थोडक्यात सांगतो. वीस अंशांचा उतार धरा. ऐकायला वीस म्हणजे काहीच वाटत नाही, पण बसून बघितलं तर विंडस्क्रीनमध्ये फक्त जमीन दिसते. १८०० किलोची गाडी अशा उतारावर सुमारे ६१५ किलोच्या ताकदीने खाली ओढली जाते. तिला धरायला चाक आणि जमीन यांच्यातलं घर्षणच काय ते असतं. हिशोब केला तर वीस अंशांवर घर्षणांक ०.३६ च्या खाली गेला की गाडी घसरणारच. मग ब्रेक जगातले सगळ्यात भारी असोत. कोरड्या डांबरावर घर्षणांक याच्या दुपटीच्या आसपास असतो, पण ओल्या चिकणमातीवर तो सहज याच्या खाली जातो. थोडक्यात काय, तर काही उतार असे असतात, की ते उतरायचे नाहीत हाच त्यांचा उपाय. हे वर उभं असतानाच कळायला हवं.

आणि घर्षण पुरेसं असलं तरी जाम झालेलं चाक वळत नाही. स्टिअरिंग फिरतं, चाक तिरकं होतं, गाडी सरळच जाते. शिवाय उतारावर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि जोरात ब्रेक दाबला की आधी तीच सुटतात. माझं झालं ते हेच. टू-हायमध्ये असतो तर आणखी वाईट, कारण इंजिनाची सगळी ओढ त्या हलक्या मागच्या चाकांवरच पडते. फोर-लोमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे तीच ओढ चारही चाकांत वाटली जाते आणि लहान गिअरमुळे कितीतरी जास्त असते.

म्हणून क्रम असा. वर सपाटीवर गाडी पूर्ण थांबवायची. ब्रेकवर पाय ठेवून गिअर न्यूट्रलला, मग ट्रान्सफरचा लिव्हर फोर-लोमध्ये आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा नीट लागलाय का ते बघायचं. हे सपाटीवरच, कारण बऱ्याच गाड्यांत ट्रान्सफरचा लिव्हर मधे स्वतःच्या न्यूट्रलमधून जातो. तो तिथे अडकला तर चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. मग गिअर पीमध्ये टाकलात तरी गाडी गडगडत जाते. हे मला माहीत नव्हतं, तुम्हाला तरी होतं का? त्यानंतर पहिला गिअर हाताने धरायचा. काही गाड्यांत लिव्हर बाजूला ओढून प्लस-मायनस करता येतं, जिमनीसारख्या गाडीत लिव्हरवरच २ आणि एल आहेत. उतार सरळ उतरायचा, तिरका नाही, कारण तिरकी गाडी घसरली की उलटते. वेग वाढतोय असं वाटलं तर ब्रेक हळूच, दाबून सोडत. आणि मागचा भाग सरकायला लागला तर ब्रेक सोडायचा, नाक उताराकडे सरळ करायचं आणि वाटल्यास किंचित रेस द्यायची, म्हणजे चाकं फिरतात आणि पकडतात. यातली प्रत्येक गोष्ट आतून येणाऱ्या भीतीच्या बरोब्बर उलट आहे. म्हणून ती आधी हाताला लागलेली असावी लागते.

ऑफिसमध्ये हे सगळं सांगितल्यावर आमचा टेक लीड म्हणाला, "अरे, पण बटण दिलंय तर वापर ना. उद्या म्हणशील गार्बेज कलेक्टर नको, मेमरी हाताने सोडतो." त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एचडीसी एकेक चाक वेगळं धरू शकतं, माझ्याकडे चार चाकांना मिळून एकच पेडल आहे. खड्ड्यामुळे एखादं चाक हवेत लटकलं तर साध्या डिफरन्शियलमधून इंजिनाची ओढ त्या रिकाम्या चाकातून निसटते आणि गाडी एकदम सुटल्यासारखी होते. तिथे एचडीसी देवासारखं धावून येतं. आणि ऑटोमॅटिकचेही उतारावर फायदे आहेतच. गाडी सहसा बंद पडत नाही आणि घाबरून क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची मॅन्युअलवाल्यांची प्रसिद्ध चूक इथे करताच येत नाही. तेव्हा माझं भांडण बटणाशी नाही, क्रमाशी आहे. आधी फोर-लो आणि पहिला गिअर, मग हवं तर त्यावर एचडीसी. ब्रेक तापत जातात, इंजिनाची ओढ नाही तापत.

आणि माझं मत विचाराल तर आणखी एक पाऊल पुढे जाईन. ज्याने पहिल्यांदा अशी गाडी घेतलीय त्याने सुरुवातीचे दहा तरी उतार बटण बंद ठेवून, सोप्या जागी, सोबत जाणकार माणूस घेऊन उतरावेत. गाडी ताब्यात देताना सनरूफ कसं उघडायचं आणि फोन कसा जोडायचा हे पाऊण तास समजावतात. ट्रान्सफरच्या लिव्हरबद्दल "हे लागलं तर वापरा सर" एवढंच. सहा जणांचं कुटुंब घेऊन डोंगर चढायला निघालेल्या माणसाला तो आधी खाली कसा उतरेल हे कोणीच विचारत नाही.

हे फक्त डोंगरवाल्यांचं प्रकरण आहे असंही समजू नका. पुण्यातला प्रत्येकजण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार ओळखतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका मोठ्या वाहनाने ४० हून जास्त गाड्यांना ठोकलं होतं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं ही सवय तिथे पुन्हापुन्हा चर्चेत येते. खरं तर आजकालच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. म्हणजे बचतही होत नाही. आणि आपण ऑटोमॅटिकवाले ताम्हिणीत डीमध्ये बसून उतारभर ब्रेक घासत जातो तेव्हा काही फार वेगळं करत नसतो. लिव्हर आपलाही तिथेच असतो.

असो. पुढच्याच शनिवारी आम्ही परत त्याच डोंगरावर गेलो. मामाचाच हट्ट. वर पोचल्यावर त्याने आधी मला खाली उतरवलं आणि तो सगळा तुकडा पायी चालायला लावला. जिथे पाय घसरला तिथे चाक घसरणार, हे एवढंच त्याचं घर्षणांकाचं गणित. पायरीच्या दोन्ही बाजूंना त्याने दगड रचून घेतले. मग फोर-लो, पहिला गिअर, बटण बंद. ब्रेकवरून पाय काढायला मला बहुतेक अर्धा मिनिट लागला. पण काढला तेव्हा गाडी पळाली नाही. इंजिन थोडं गुरगुरलं आणि माणसाच्या चालीने खाली जायला लागलं. पायरीवर ब्रेकला नुसता हात लावल्यासारखा पाय लावला. तीन मिनिटांत खाली. माझा शर्ट ओला, मामा खिडकीतून पाणी बघत होता.

भोरकडे परत येताना त्याने चावी मागितली. मामाने आयुष्यात ऑटोमॅटिक चालवलेली नव्हती. पहिले दोन किलोमीटर त्याचा डावा पाय क्लच शोधत नुसता जमिनीवर आपटत होता आणि मी हसू दाबत होतो. मग रस्ता उताराला लागला. त्याने एक क्षण लिव्हरकडे बघितलं, मला काही न विचारता तो खाली ओढला, इंजिन गुरगुरलं, गाडी आपोआप आवरली आणि वळण ब्रेकला न शिवता पार पडलं.

"हिच्यात पण गिअर आहेत की," मामा म्हणाला.

बंपर अजून तसाच आहे. बघू, पगार झाला की.